नाशिकला बसून इंग्लंडमध्ये लिमिटेड कंपनी काढायची असेल तर

प्रश्न नाशिकच्या एका ताईंचा आहे. छोट्या बेकऱ्यांना ऑर्डरी घेता याव्यात म्हणून त्यांनी एक सॉफ्टवेअर बनवलंय. इंग्लंडमधल्या चौदा बेकऱ्या ते वापरतात आणि महिन्याला साधारण १,१०० पौंड येतात. ही गिऱ्हाइकं रेडिंगला राहणाऱ्या त्यांच्या मावसबहिणीनं मिळवून दिली. ती आता ब्रिटिश नागरिक आहे. दोघींना मिळून तिकडे लिमिटेड कंपनी काढायची आहे, ताईंचे ६० टक्के आणि बहिणीचे ४०. एका एजंटनं सांगितलंय की चोवीस तासांत कंपनी होते, टॅक्स वाचतो आणि भारतात काहीच करावं लागत नाही. ताई विचारतात, हे खरं आहे का? आणि नसेल तर नीट रीत कोणती?

ताई, चोवीस तासांचं खरं आहे. बाकीचं दोन्ही खरं नाही. मी सनदी लेखापाल आहे, आणि परदेशी कंपन्या काढलेल्या आपल्याकडच्या माणसांची कागदपत्रं निस्तरण्यात माझ्या कामाचा बराच वेळ जातो. ‘निस्तरण्यात’ म्हणतेय, कारण लोक माझ्याकडे कंपनी काढून झाल्यावर येतात. तुम्ही आधी विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तिकडची बाजू, ती खरंच सोपी आहे. ब्रिटनमध्ये कंपन्यांची नोंदणी ‘कंपनीज हाऊस’ हे सरकारी कार्यालय २००६ च्या कंपनी कायद्याखाली करतं. ऑनलाइन नोंदणीला ३० एप्रिल २०२४ पर्यंत फक्त १२ पौंड लागायचे. १ मे २०२४ ला ते ५० झाले आणि फी वाढवण्याचं धोरण पुढंही चालू आहे, तेव्हा अर्ज कराल त्या दिवशीचा आकडा त्यांच्याच संकेतस्थळावर बघा, एजंटच्या जाहिरातीत नको. डायरेक्टर एक चालतो, तो हाडामासाचा माणूस हवा आणि किमान १६ वर्षांचा हवा. तो ब्रिटनमध्ये राहणारा किंवा तिथला नागरिक असलाच पाहिजे असं नाही. भागभांडवल एक पौंडही चालतं.

एक बारकावा बहुतेकांना माहीत नसतो. आपण ‘यूकेची कंपनी’ म्हणतो, पण कंपनी इंग्लंड आणि वेल्सची असते, स्कॉटलंडची असते किंवा उत्तर आयर्लंडची असते. तिघांचे रजिस्ट्रार वेगळे, कार्डिफ, एडिंबरा आणि बेलफास्टला. नोंदणीकृत पत्ता त्याच हद्दीत ठेवावा लागतो आणि नंतर इंग्लंडमधून स्कॉटलंडला हलवता येत नाही. तुमची बहीण रेडिंगला आहे, म्हणजे तुमचा संबंध इंग्लंड आणि वेल्सच्या रजिस्टरशी.

पत्त्याबाबत २०२४ पासून कडक झालंय. २०२३ च्या आर्थिक गुन्हेगारी आणि कंपनी पारदर्शकता कायद्यातली नवी कलमं ४ मार्च २०२४ पासून लागू झाली. तेव्हापासून नुसती पोस्टाची पेटी पत्ता म्हणून चालत नाही. टपाल आलं तर कंपनीच्या वतीनं कोणीतरी ते हातात घेईल अशी जागा लागते. बहिणीचं घर चालेल, पण तो पत्ता रजिस्टरवर सगळ्या जगाला दिसतो, हे तिला आधी सांगा. घर भाड्याचं असेल किंवा गृहकर्जावर असेल तर करारात अशा वापराला मनाई नाही ना, तेही तिनं बघावं. आणि ती नोकरी करत असेल तर दुसऱ्या कंपनीत डायरेक्टर होण्याआधी मालकाची परवानगी लागते का, हे नेमणूकपत्रात वाचावं. ती नागरिक आहे म्हणून व्हिसाचा प्रश्न तुम्हाला नाही. ज्यांचे नातेवाईक कुशल कामगार व्हिसावर आहेत त्यांनी मात्र हे पाऊल इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय टाकू नये.

१८ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या डायरेक्टरला आणि २५ टक्क्यांहून जास्त हिस्सा असलेल्या माणसाला स्वतःची ओळख पटवून द्यावी लागते. तुम्हा दोघींनाही ते करावं लागेल. सरकारी ॲपमध्ये चिप असलेला पासपोर्ट लागतो. तुमचा पासपोर्ट जुना, बिनचिपचा असेल तर तिथल्या अधिकृत सेवादात्यामार्फत पडताळणी होते. शेवटी अकरा अक्षरांचा एक वैयक्तिक कोड मिळतो. तो जपून ठेवा आणि एजंटला ‘तूच ठेव’ म्हणून देऊ नका. माझ्याकडे आलेल्या निम्म्या भानगडी अशा आहेत की लॉगिन एजंटकडे, कोड एजंटकडे आणि एजंट फोन उचलत नाही.

आता आपल्याकडची बाजू. तुम्ही भारतात राहता, म्हणून परकीय चलनाचा १९९९ चा कायदा, म्हणजे फेमा, तुम्हाला लागू आहे. २२ ऑगस्ट २०२२ पासून परदेशी गुंतवणुकीचे नवे नियम आले. त्यांत स्पष्ट आहे की शेअर बाजारात नसलेल्या परदेशी कंपनीचं भागभांडवल घेणं, किंवा तिच्या स्थापनेच्या दस्तावर भागधारक म्हणून सही करणं, ही परदेशातली थेट गुंतवणूक झाली. रकमेला खालची मर्यादा नाही. एका पौंडाचा एक शेअर घेतला तरी ती गुंतवणूकच. आणि अशा गुंतवणुकीसाठी बँकेमार्फत ‘फॉर्म एफसी’ भरून रिझर्व्ह बँकेकडून त्या कंपनीचा एक विशिष्ट ओळख क्रमांक घ्यावा लागतो. बँकेत सगळे त्याला यूआयएन म्हणतात. हा क्रमांक पैसे पाठवण्याआधी किंवा शेअर घेण्याआधी, दोन्हींपैकी जे आधी होईल त्याच्या आधी मिळालेला हवा.

लोकांचा पाय इथंच घसरतो. कंपनीज हाऊसच्या अर्जावर ‘भागधारक’ म्हणून तुमचं नाव गेलं आणि रात्रीत कंपनी झाली, की सकाळी तुमच्या हातून फेमाचा भंग झालेला असतो. पैसे अजून गेलेलेही नसतात. एजंटला हे माहीत नसतं, कारण त्याचा कायदा कार्डिफला संपतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. सांगली जिल्ह्यातले दोन मित्र, दोघेही इंजिनिअर, माझ्याकडे आले. २०२१ मध्ये त्यांनी १२ पौंडांत इंग्लंडची कंपनी काढली होती, दोघांचे पन्नास-पन्नास शेअर. पहिलं वर्ष थोडं काम मिळालं, मग नोकऱ्या लागल्या आणि कंपनी तशीच राहिली. बंद केली नाही, हिशेबही भरले नाहीत. तिथं कंपनीचे हिशेब एक महिन्यापर्यंत उशिरा गेले तर १५० पौंड दंड, तीन महिन्यांपर्यंत ३७५, सहा महिन्यांपर्यंत ७५० आणि त्यापुढे १,५००. लागोपाठ दुसऱ्या वर्षी उशीर झाला तर दुप्पट. नोटिसा जायच्या त्या एजंटनं दिलेल्या पत्त्यावर, ज्याचं भाडं यांनी थांबवलं होतं. शेवटी रजिस्ट्रारनं कंपनी रजिस्टरवरून काढून टाकली. खात्यात २,३०० पौंड होते. रद्द झालेल्या कंपनीची मालमत्ता तिथल्या कायद्यानं राजसत्तेकडे जाते. भाग्य एवढंच, की सहा वर्षांच्या आत कंपनी पुन्हा जिवंत करण्याचा अर्ज करता येतो. तो केला, थकलेले हिशेब भरले, दंड भरला, आणि मग ती रीतसर बंद केली. इकडे रिझर्व्ह बँकेकडे चूक मिटवून घेण्यासाठी कंपाउंडिंगचा अर्ज केला. प्राप्तिकराच्या विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा रकाना दोन्ही वर्षं कोरा होता, तो वेगळा घोर. २,३०० पौंड सोडवायला त्याहून जास्त खर्च झाला. दोघं मुलं प्रामाणिक होती, कुणाचा रुपया बुडवला नव्हता. त्यांना कुणी आधी सांगितलंच नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

टॅक्स वाचतो, या दाव्याचा हिशेब तुमच्याच आकड्यांवर करू. महिना १,१०० पौंड म्हणजे वर्षाला १३,२०० पौंड, रुपयांत १५-१६ लाख. सर्व्हरचं भाडं, इंटरनेट, बहिणीचा मोबदला वजा जाता नफा १० लाखांच्या घरात राहतो असं तुम्ही कळवलंय, आणि दुसरं उत्पन्न नाही. आज हा धंदा तुमच्या नावावर भारतात आहे. नव्या करप्रणालीत आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो. म्हणजे आज तुम्हाला प्राप्तिकर नाही. तोच नफा इंग्लंडच्या कंपनीत गेला तर पहिल्या पौंडापासून १९ टक्के कॉर्पोरेशन टॅक्स. ५०,००० पौंडांपर्यंतच्या नफ्याला हा दर आहे, अडीच लाखांवर २५ टक्के, मधल्यांना दोहोंच्या दरम्यान. उरलेला नफा लाभांश म्हणून तुम्हाला आला तर तो इकडे तुमच्या उत्पन्नात मिळवला जातो. ब्रिटन लाभांशावर कापून घेत नाही ही चांगली गोष्ट, पण कंपनीनं तिकडे भरलेल्या १९ टक्क्यांची वजावट तुम्हाला इकडे मिळत नाही. शून्याच्या जागी १९ टक्के, याला कर वाचणं कसं म्हणायचं?

जीएसटीचंही तसंच. सेवा निर्यात करणाऱ्याची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नाही. त्यापुढे गेलात की नोंदणी करून हमीपत्र द्यायचं आणि निर्यातीवर कर न लावता बिल करायचं. यात परदेशी कंपनीची गरज कुठंच येत नाही.

मग परदेशी कंपनी कुणी काढावी? तिकडचं गिऱ्हाईक मोठं असेल आणि त्याचा खरेदी विभाग ब्रिटिश कंपनीशिवाय करार करत नसेल, तिकडे माणसं नोकरीला ठेवायची असतील, तिकडचा गुंतवणूकदार पैसे घालायला तयार असेल, किंवा तिथला भागीदार खरोखर तिथं बसून धंदा चालवणार असेल. शेवटचं कारण तुमच्याकडे आहे, म्हणून मी तुम्हाला सरसकट नको म्हणत नाही. बहीण गिऱ्हाइकं आणते, भाव ठरवते, तक्रारी ऐकते. तिला यात मालकी हवी असणं रास्त आहे.

तेव्हा काढायचीच ठरली तर क्रम सांगते. क्रमच महत्त्वाचा आहे.

सुरुवात बँकेपासून करा. तुमचं खातं असलेल्या शाखेत ही कामं बहुधा होत नाहीत. बँकेची परकीय चलनाची शाखा शोधा आणि तिथल्या अधिकाऱ्याला स्पष्ट विचारा की व्यक्तीच्या नावावरची परदेशी थेट गुंतवणूक तुम्ही हाताळता का, आणि कागद कोणते लागतील. पुढचे सगळे व्यवहार याच बँकेतून करावे लागतात, म्हणून ज्या शाखेत हे काम नेहमी होतं ती निवडा, घराजवळची नव्हे.

मग कंपनी बहिणीला काढू द्या. एकटीला. ती ब्रिटनची रहिवासी आहे, तिच्यावर फेमाचं बंधन नाही. ती ४०० शेअर घेईल, एक पौंडाचा एक. कंपनी झाल्याचा दाखला आणि दस्त हातात आले की तुम्ही बँकेत फॉर्म एफसी भरा आणि ओळख क्रमांक घ्या. तो आल्यावर ६०० पौंड तुमच्या खात्यातून बँकेमार्फत कंपनीच्या खात्यात पाठवा. मग कंपनी तुम्हाला ६०० नवे शेअर देईल आणि तसं महिन्याच्या आत कंपनीज हाऊसला कळवेल. मोठ्या भागधारकांच्या नोंदीत तुमचं नाव लगेच घालायचं, ते विसरू नका. शेअर सर्टिफिकेट सहा महिन्यांच्या आत बँकेत द्यायचं. शेअर एक पौंडालाच का घेतला याचं छोटं मूल्यांकन बँक मागू शकते. कंपनी चार दिवसांची असताना ते सोपं असतं, वर्षानंतर अवघड. म्हणून दाखला आल्यावर रेंगाळू नका, आणि तोपर्यंत कंपनीनं धंदाही सुरू करू नये.

उलट क्रम, म्हणजे दोघींच्या नावानं एकदम नोंदणी करून मग बँकेत जाणं, का टाळायचा ते वर आलंच आहे. आणखी एक पळवाट कुणीतरी सुचवेल: सगळे शेअर बहिणीच्या नावावर ठेवा, आपापसात समजून घ्या की ६० टक्के तुमचे. हे अजिबात करू नका. नाव तिचं आणि मालकी तुमची असली तरी इकडच्या कायद्याच्या दृष्टीनं ती तुमची परदेशी मालमत्ताच, फक्त लपवलेली. शिवाय बहिणीबहिणींत उद्या मतभेद झाले, किंवा तिच्या घरात काही बरंवाईट झालं, तर तुमच्याकडे दाखवायला एक कागद नसेल.

पैसे पाठवताना उदारीकृत रेमिटन्स योजनेची, म्हणजे व्यक्तीला परदेशी पैसे पाठवू देणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेची, मर्यादा आठवा: एका माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर. तुमचे ६०० पौंड तिच्या जवळपासही नाहीत. वर्षभरात १० लाख रुपयांपेक्षा जास्त पाठवलंत तर वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, घेते; तो नंतर करात वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. अजून दोन बंधनं आहेत. एकट्या व्यक्तीनं नियंत्रण ठेवलेल्या अशा परदेशी कंपनीला स्वतःची उपकंपनी काढता येत नाही आणि वित्तीय सेवांचा धंदा करता येत नाही. आणि या मार्गानं तुम्ही कंपनीला कर्ज देऊ शकत नाही, फक्त भागभांडवल घालू शकता. तेव्हा सर्व्हरचं बिल थकलंय, थोडे पैसे उसने पाठवते, असं नंतर चालणार नाही. सुरुवातीचं भांडवल किती लागेल याचा विचार म्हणूनच आत्ता करा. ६०० पौंड कमी पडत असतील तर जास्त शेअर घ्या.

यापुढची गोष्ट मी प्रत्येकाला दोनदा सांगते. दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत बँकेमार्फत रिझर्व्ह बँकेला कंपनीचा वार्षिक कामगिरी अहवाल द्यावा लागतो, ज्याला एपीआर म्हणतात. ब्रिटनमध्ये लहान कंपनीला ऑडिटमधून माफी आहे. १ कोटी ५० लाख पौंडांपर्यंतची उलाढाल, ७५ लाख पौंडांपर्यंतचा ताळेबंद आणि ५० माणसं, या तीन मर्यादांपैकी दोन पाळल्या की झालं. बहीण तिथल्या अकाउंटंटला विचारेल आणि तो म्हणेल, ऑडिटची गरज नाही. त्याच्या कायद्यानं तो बरोबर आहे. पण आपले नियम म्हणतात की भारतातल्या गुंतवणूकदाराचं नियंत्रण असेल तर अहवाल ऑडिट झालेल्या हिशेबांवरच हवा. आणि नियंत्रणाची इथली व्याख्या मोठी आहे: मतदानाचा १० टक्के हक्क असला तरी ती लागू होऊ शकते. तुमचे तर ६० टक्के आहेत. म्हणजे तिकडे नको असलेलं ऑडिट इकडच्यासाठी करून घ्यावं लागणार आणि त्याचं बिल पौंडांत येणार. १३,२०० पौंडांच्या उलाढालीतून हा खर्च, तिथल्या अकाउंटंटची फी, इथल्या माझ्यासारखीची फी आणि बँकेचे आकार वजा करून बघा, म्हणजे मी घाई का करू नका म्हणते ते कळेल. अहवाल चुकला तर उशिराचं शुल्क ७,५०० रुपये आहे. त्याहून त्रासाचं म्हणजे चूक दुरुस्त होईपर्यंत बँक त्या कंपनीत तुमचा पुढचा पैसा जाऊ देत नाही.

यावरून एक छोटी सूचना. तिथल्या कंपनीचं हिशेबी वर्ष आपोआप नोंदणीच्या महिनाअखेरीला संपतं. पहिल्याच वर्षी अर्ज करून ते ३१ मार्च करून घ्या. हिशेब वर्षअखेरीपासून नऊ महिन्यांत कंपनीज हाऊसला द्यायचे असतात, म्हणजे ३१ डिसेंबर. आणि एपीआरची तारीखही तीच. दोन देशांची कामं एका हातासरशी होतात. पहिल्या वर्षीच्या हिशेबांना वेगळी, लांबची मुदत असते, तिच्यावर विसंबून इकडची तारीख चुकवू नका. कॉर्पोरेशन टॅक्स मात्र वर्षअखेरीनंतर नऊ महिने आणि एक दिवस झाला की भरावा लागतो, आणि धंदा सुरू केल्यापासून तीन महिन्यांत तिथल्या करखात्याकडे नोंद करावी लागते.

तुमच्या स्वतःच्या विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा तक्ता भरायचा. तो आर्थिक वर्षाचा नसून जानेवारी ते डिसेंबर या कॅलेंडर वर्षाचा असतो, इथं खूप जण चुकतात. साधा, छोटा रिटर्न फॉर्म तुम्हाला चालणार नाही. हा तक्ता न भरल्यास २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाख रुपये दंडाची तरतूद आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून इतर परदेशी मालमत्ता मिळून २० लाखांपर्यंत असेल तर हा दंड लागत नाही. तुम्ही त्या मर्यादेत असाल. तरी भरा, दरवर्षी भरा, शून्य व्यवहार झाला तरी भरा.

आता अवघड भाग. कंपनी इंग्लंडची, पण सॉफ्टवेअर लिहिलं जातं नाशिकला तुमच्या घरात. मग नफा कुठला? कंपनीचं खरं व्यवस्थापन भारतातून चालत असेल तर ती भारताची करदाती ठरू शकते, अशी तरतूद आपल्या प्राप्तिकर कायद्यात आहे. एजंट हे सांगत नाहीत आणि काही सल्लागार याचीच भीती घालतात. खरी स्थिती अशी, की केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानं फेब्रुवारी २०१७ च्या परिपत्रकात वर्षाला ५० कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या कंपन्यांना यातून वगळलं. तेव्हा ही भीती तुम्हाला नाही. पण दुसरी आहे. तुमच्या घरातली कामाची जागा ही त्या परदेशी कंपनीचं भारतातलं कायम ठाणं मानली जाऊ शकते, आणि मग तिथून झालेल्या कामाच्या वाट्याचा नफा परदेशी कंपनीच्या दरानं, म्हणजे ३५ टक्के अधिक उपकर, इकडे करपात्र होतो. भारत आणि ब्रिटनमध्ये दुहेरी कर टाळण्याचा १९९३ चा करार आहे, पण तो असं ठाणं असेल तर भारताला हा हक्क देतो.

उपाय एकच: कामाची फोड कागदावर आणि प्रत्यक्षातही करा. तुमचा नाशिकचा धंदा वेगळा ठेवा. तो ब्रिटिश कंपनीला सॉफ्टवेअर बनवून आणि सांभाळून देईल, त्याचा करार असेल, दर महिन्याला बिल असेल आणि दर असा असेल की परक्या माणसालाही तुम्ही तेवढाच लावला असता. गिऱ्हाइकांशी करार, किमती, सूट ही कामं रेडिंगची. कंपनीच्या वतीनं करारांवर सह्या बहिणीनं करायच्या, त्याही तिकडे बसून. अशा संबंधित पक्षांमधल्या व्यवहाराला ट्रान्सफर प्रायसिंगचे, म्हणजे दर परक्याला लावला असता तेवढाच आहे ना हे तपासणारे, नियम लागतात आणि रक्कम कितीही लहान असली तरी सीएचा अहवाल दरवर्षी जोडावा लागतो. जीएसटीत ही बिलं निर्यातच धरली जातात, कारण ब्रिटनमध्ये रीतसर स्थापन झालेली कंपनी ही कायद्यानं तुमच्याहून वेगळी व्यक्ती आहे. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकराचा २०२५ चा नवा कायदा लागू झाल्यानं कलमांचे आणि फॉर्मचे जुने क्रमांक बदलले, म्हणून मी ते मुद्दाम दिले नाहीत.

वेगळी व्यक्ती हा शब्द मनात ठसू द्या. सॅलोमन नावाचा एक लंडनचा बूट बनवणारा होता. त्यानं धंद्याची कंपनी केली. २०,००७ शेअरपैकी २०,००१ त्याचे आणि बायको व पाच मुलांचा एकेक. कंपनी बुडाल्यावर घेणेकरी म्हणाले, हा आणि कंपनी एकच. १८९६ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायपीठानं, निकाल दिला की एक नाहीत. कंपनीची देणी मालकाच्या घरापर्यंत येत नाहीत ती या तत्त्वामुळं. पण ते दोन्ही बाजूंनी लागू होतं, कंपनीचा पैसाही मालकाचा नसतो. कंपनीचं डेबिट कार्ड तुमच्या पर्समध्ये असलं तरी त्यावर नाशिकला किराणा घेतला की ते कंपनीनं तुम्हाला दिलेलं कर्ज होतं. ते वेळेत फिटलं नाही तर तिकडे कंपनीवर जादा कर आणि इकडे फेमाचा प्रश्न. पैसा तुमच्याकडे यायचे सरळ रस्ते दोनच: कामाचं बिल आणि लाभांश. जाहीर झालेला लाभांश ९० दिवसांत भारतात आणायचा.

तुम्ही जाता जाता डेलावेअर, सिंगापूर आणि दुबईबद्दलही विचारलंय. तुमच्यासाठी तिन्ही नकोत. अमेरिकेतल्या डेलावेअरला एकट्या परदेशी मालकाची एलएलसी, म्हणजे तिथली मर्यादित जबाबदारीची कंपनी, असली तर अमेरिकी करखात्याला दरवर्षी एक माहितीपत्रक द्यावं लागतं आणि ते चुकलं तर दंड २५,००० डॉलर. सिंगापूरला तिथं राहणारा एक डायरेक्टर सक्तीचा, म्हणजे तो भाड्यानं आणायचा. दुबईतही जून २०२३ पासून ९ टक्के कंपनी कर आला आहे. आणि कुठंही गेलात तरी तुम्ही नाशिकला राहता तोवर वर लिहिलेली भारतातली बाजू जशीच्या तशी राहते.

माझं मत विचाराल तर अजून एक वर्ष थांबा. बिलं तुमच्याच नावानं नाशिकहून करा. परदेशी कार्डांचे पैसे घेणारे पेमेंट गेटवे आता भारतात आहेत. आलेल्या प्रत्येक रकमेचं बँकेचं आवक प्रमाणपत्र जपून ठेवा. बहिणीच्या कामाचा मोबदला कमिशन म्हणून लेखी ठरवा आणि बँकेतूनच पाठवा, पहिली रक्कम पाठवण्याआधी त्यावरचा टीडीएस आणि जीएसटी तपासून घ्या. करारात एक कलम घाला की गिऱ्हाइकं चाळीस झाली, किंवा कुणी ब्रिटिश कंपनीचीच अट घातली, तर दोघी मिळून कंपनी काढाल आणि तिचा वाटा ४० टक्के असेल. म्हणजे आज कंपनी नसली तरी तिचा हक्क कागदावर राहील, आणि तिच्या मनात किंतू राहणार नाही.

त्या एजंटला आगाऊ रक्कम दिली नसेल तर देऊ नका. दिली असेल तर आजच लेखी कळवा की तुमच्या नावानं कोणताही अर्ज दाखल करू नये, आणि कंपनीज हाऊसच्या संकेतस्थळावर नावानं शोधून बघा. ते रजिस्टर सगळ्यांना फुकट पाहता येतं. तुमचं नाव तिथं आधीच दिसलं तर मला नोंदणीची तारीख आणि शेअरची संख्या कळवा. मग पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेकडे, आणि बाकीचं त्यानंतर.